उजवी बाजू

रस्ता ओलांडताना कुत्री मधोमध बसली. दमल्यावर बसते तशी नाही. आधी मागचे पाय गेले, मग पुढचे, आणि मान जमिनीला टेकली. पट्टा माझ्या हातात होता, त्यामुळे दोन पावलं पुढे जाऊन मी मागे ओढला गेलो. सकाळचे साडेदहा वाजले असतील. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. एका गाडीवाल्यानं काच खाली करून विचारलं, "काका, घरी जागा नाही का हिला झोपायला?" मी खाली वाकलो. तिच्याखालून ओघळ निघाला होता आणि त्याचा रंग बिनदुधाच्या चहासारखा होता. तो बघून गाडीवाला स्वतःच उतरला. "चावत नाही ना?" "नाही." "सगळे असंच सांगतात," म्हणत त्यानं तिचे मागचे पाय धरले, मी पुढून उचललं, आणि मागच्या सीटवर वर्तमानपत्र पसरून आम्ही तिला ठेवलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी घड्याळ बघून तिचे श्वास मोजायला लागलो. मिनिटाला बासष्ट. मोजायची सवय आहे, ती जात नाही. तीस वर्षं मी एका मोठ्या दवाखान्यात हृदयाच्या सोनोग्राफीचं काम केलं. लोक इको म्हणतात. मी डॉक्टर नाही, टेक्निशियन. दवाखान्यात सगळे मला इकोवाले म्हणत. बायको चिडली की म्हणायची, जगाच्या काळजात बघता, घरात काय चाललंय ते दिसत नाही.

कुत्री तिचीच. बाईसाहेब हे नावही तिनंच ठेवलेलं, कारण आल्या दिवसापासून ती जमिनीवर बसायला तयार नव्हती. बायको जाऊन एकोणीस महिने झाले. बाईसाहेब तिच्या बाजूला झोपते, पलंगाच्या भिंतीकडच्या अंगाला, आणि मी माझ्या बाजूला. मध्ये एका माणसाची जागा राहते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगण्यासारखंही नाही.

प्राण्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मला ओळखतात. पस्तिशीच्या असतील, भराभर बोलतात आणि बोलताना हात थांबत नाहीत. त्यांचा मदतनीस काडीसारखा बारीक आहे, पन्नाशी उलटलेला, त्याला सगळे पैलवान म्हणतात. त्यानं एकट्यानं बाईसाहेबांना टेबलावर घेतलं. डॉक्टरीणबाईंनी हिरड्या दाबून बघितल्या, छाती ऐकली, बराच वेळ ऐकली, मग पायातून रक्त काढून त्याचे थेंब एका पांढऱ्या पट्टीवर टाकले. आम्ही तिघं त्या पट्टीकडे बघत उभे राहिलो. एक रेघ उमटली. थोड्या वेळानं दुसरी. "हृदयातले जंत," त्या म्हणाल्या. "काका, महिन्याची गोळी कोण देत होतं हिला?"

"कसली गोळी?"

"डासांमुळे हे जंत होतात, ते होऊ नयेत म्हणून देतात ती. काकू न्यायच्या की इथून. न चुकता." त्यांनी हात थांबवून माझ्याकडे बघितलं आणि पुढचं विचारलं नाही. मग सगळं नीट समजावून सांगितलं. डास चावला की बारीक अळी कुत्र्याच्या अंगात जाते. सहा-सात महिन्यांत तिचा जंत होतो, वीतभर लांब, दोऱ्यासारखा. तो फुप्फुसाकडे जाणाऱ्या शिरेत राहतो. फार झाले की मागे सरकून हृदयाच्या उजव्या बाजूत उतरतात. मी मनातल्या मनात महिने मोजत होतो. बायको असेपर्यंत गोळी पोटात जात होती. म्हणजे आत जे काही होतं ते सगळं ती गेल्यानंतरचं. घरात एकोणीस महिन्यांत नवीन काही आलं नव्हतं, खुर्ची नाही, भांडं नाही, असं मला वाटत होतं.

"खोकला, धाप कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"चार-पाच दिवस," मी म्हणालो.

ते खोटं होतं. अकरा महिने झाले होते. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. शेवटी शेवटी बायको जिने चढून आली की आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसायची. दोन आखूड श्वास, मग एक थांबणं, मग पुन्हा दोन. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असायचो. ती गेली आणि आठ महिने घरात कसलाही आवाज नव्हता. मग एका दुपारी आतून तोच आवाज आला. दोन आखूड, एक थांबणं. मी पेपर खाली केला नाही. हललो तर थांबेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी मी बसल्या जागेवरून विचारलं, "पाणी देऊ का?" आणि उठून ग्लास भरून आत गेलो. पलंगावर बाईसाहेब होती, तोंड भिंतीकडे करून. मला माहीत होतं तीच असणार. मी काही वेडा नाही. तरी ग्लास मी उशाशी ठेवला, झाकण घालून. मग रोज ठेवायला लागलो. संध्याकाळी पाणी थोडं कमी झालेलं वाटायचं, झाकण असूनही. माझाच भरायचा अंदाज चुकत असेल. पण मी ते पाणी झाडांना घालत नव्हतो, बेसिनमध्ये ओतायचो, आणि ओतताना तिकडे बघत नव्हतो. कुत्र्याला धाप लागते म्हणजे काहीतरी बिघडलंय हे कुठल्याही शाळकरी मुलाला कळतं. मला तर कळायलाच हवं होतं. मी तिला दवाखान्यात नेलं नाही, कारण नेलं असतं तर आवाज थांबला असता.

डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "दोन शक्यता आहेत. नुसते शिरेत असतील तर औषध आणि सक्तीची विश्रांती, सहा-आठ महिने जातील, पण वेळ आहे. हृदयात उतरले असतील तर औषधाला वेळच नाही. मानेतली शीर उघडून, त्यातून चिमटा आत घालून एकेक ओढून काढावे लागतात. आजच. लघवीचा रंग बघून मला वाटतंय की उतरलेत. पण नुसत्या वाटण्यावर मी मान उघडणार नाही. ते आत नसतील आणि मी उघडली, तर या अवस्थेत ती टेबलावरच जाईल."

"मग इको करा."

"इकोचे डॉक्टर गुरुवारी येतात, काका. आज सोमवार आहे. मला रेघा दिसतात, पण छातीठोक सांगता येत नाही."

पैलवान कोपऱ्यात हात धूत होता. मागे न बघताच तो म्हणाला, "इकोवाले समोर उभे आहेत की. नवरीला सजवायचं आणि नवरदेव शोधत बसायचं, असं झालं हे."

"तू गप रे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण माझ्याकडे बघत राहिल्या.

निवृत्त झाल्यापासून मी प्रोब, म्हणजे छातीवर फिरवायचा तो दांडा, हातात धरला नव्हता. यंत्र मात्र ओळखीचं होतं. आमच्याच दवाखान्यातलं ते. नवीन आलं तेव्हा जुनं यांना विकलं, आणि बटणं शिकवायला दवाखान्यानं मलाच तीन दिवस इथं पाठवलं. तेव्हापासूनची ओळख. उजवीकडचं गोल बटण अडकतं, ते आधी दाबून मग फिरवायचं, हे मीच त्यांना सांगितलं होतं. एक मात्र सांगितलं नव्हतं. यंत्र विकण्याआधी त्याच्या आतलं सगळं पुसायचं असतं. ते काम माझं होतं. पुसलं, असं मी लिहून दिलं, खाली सही केली. पुसलं नव्हतं.

पैलवान बाईसाहेबांच्या छातीवरचे केस मशीननं काढत होता, तेवढ्यात मी यंत्र सुरू केलं. जुनी यादी उघडली. खाली जात जात तळाशी गेलो. तिथं नावाच्या जागी 'चाचणी' असं लिहिलेली एक ओळ होती. दवाखान्यातल्या माणसांचा आणि त्यांच्या घरच्यांचा इको आम्ही असाच करायचो. शेवटचा पेशंट गेला की दार लोटायचं, नावाच्या जागी 'चाचणी' लिहायचं, नोंद नाही, कागद नाही. दहा मिनिटं. डावी बाजू बघायची, पंपिंग बघायचं, झडपा बघायच्या, आणि पाठीवर थाप मारून घरी पाठवायचं. सगळे असंच करायचे. उपकार म्हणून करायचे. बायको महिनाभर म्हणत होती, अहो, जिन्यात धाप लागते हल्ली. मी म्हटलं, ये एकदा संध्याकाळी, बघून टाकू. ती साडी बदलून आली होती. जेल छातीला लागल्यावर शहारली आणि म्हणाली, "आहे का काळीज?" मी म्हटलं, "आहे. तुझ्या मानानं मोठं आहे." ती हसली तेव्हा पडद्यावरचं चित्र हललं आणि मी म्हटलं, हलू नकोस. पडद्यावर चित्र पंख्याच्या आकाराचं दिसतं. पंखा अरुंद केला की चित्र स्वच्छ येतं, ठोके नीट पकडता येतात. मी तो डाव्या बाजूपुरता अरुंद केला. पंपिंग साठ टक्के. मी म्हटलं, "घोड्यासारखं आहे. जिने चढायची सवय गेली तुझी, दुसरं काही नाही." तिनं कागदी रुमालानं जेल पुसलं आणि येताना आम्ही दोघं चालत आलो. तिसऱ्या मजल्यापर्यंत ती मध्ये एकदाही थांबली नाही. बरी आहे हे मला दाखवायलाच ती थांबली नाही, असं आता वाटतं. तीन आठवड्यांनी ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खाली बसली. पायाच्या शिरेतून रक्ताच्या गुठळ्या सुटून फुप्फुसात गेल्या होत्या. एकदम नाही, थोड्या थोड्या, बऱ्याच आठवड्यांपासून, असं डॉक्टर म्हणाले. असं होत असलं की हृदयाची उजवी बाजू फुगते. इकोत दिसते. बघणारा बघत असेल तर.

मी ती ओळ उघडली. एकोणीस महिन्यांत पहिल्यांदा. यंत्र तीन ठोके साठवतं आणि तेच फिरवून दाखवत राहतं. तीन ठोके, पुन्हा पहिला. माणूस जातं, ठोके राहतात. झडप उघडत होती, मिटत होती, अगदी व्यवस्थित, कुणाचं काही बिघडलेलं नसताना उघडते तशी. दोन्ही बाजूंच्या मधे जी भिंत असते ती पंख्याच्या कडेला होती. तिच्या पलीकडे काळं. पहिल्या ठोक्याला भिंत सरळ. दुसऱ्याला सरळ. तिसऱ्याला ती किंचित आत सरकत होती, पलीकडून कुणी खांदा लावल्यासारखी. मग पुन्हा पहिला. मी चित्र थांबवलं, मागे घेतलं, पुढे नेलं. कधी वाटायचं सरकली, कधी वाटायचं तिचा श्वास असेल, कधी वाटायचं ती हसली तेव्हाचं असेल. पलीकडे काय आहे ते बघायला मी तेच अडकणारं बटण दाबून फिरवलं. पंखा रुंद होईना. कसा होईल? जे तेव्हा बघितलंच नाही ते यंत्राकडेही नाही. हे मी शंभर जणांना शिकवलं असेल. तरी मी ते तीन-चारदा फिरवलं.

"काका, झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी यादी बंद केली.

त्यांच्या टेबलाला मध्ये भोक आहे. कुत्र्याला उजव्या कुशीवर असं झोपवतात की छाती भोकावर येते, आणि प्रोब खालून लावायचा. मी स्टुलावर बसलो आणि हात टेबलाखाली घातला. पैलवाननं तिचे पाय धरले आणि तिच्याशी बोलायला लागला, "बाईसाहेब, एवढी मोठी मंडळी सेवेला आहेत, जरा मान ठेवा." श्वास बासष्टचे आता सत्तर झाले होते. माणसाला आम्ही डाव्या कुशीवर वळवतो आणि बहुतेक वेळ डाव्याच बाजूवर असतो, उजवी एका कोपऱ्यात दिसते, बघितली तर बघितली. कुत्र्याचं तसं नाही. खालून प्रोब लावला की आधी उजवी बाजूच येते, पडद्यावर अगदी वर, प्रोबला चिकटून. टाळायची म्हटली तरी टाळता येत नाही. मी बटण दाबून पंखा शेवटपर्यंत रुंद केला.

चित्र आलं आणि मला वाटलं यंत्र बिघडलंय. उजवा कप्पा काळा दिसायला हवा. रक्त पडद्यावर काळंच दिसतं. तिथं काळं नव्हतंच. बारीक पांढऱ्या रेघा होत्या, जोडीजोडीनं, दोन-दोन समांतर, अगदी आखल्यासारख्या, मध्ये केसाएवढी फट. जंताच्या अंगाच्या दोन कडा तेवढ्या चमकतात आणि मधलं अंग दिसत नाही, असं डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. रेघा हलत होत्या. हृदय पसरलं की सगळा पुंजका झडपेतून खाली उतरायचा, आकसलं की वर यायचा. खाली, वर. झडपेला मिटायला जागाच नव्हती. तीस वर्षांत मी फाटलेल्या झडपा बघितल्या, पातळ झालेल्या भिंती बघितल्या, जन्मतःच भोक असलेली पोरं बघितली. पण ते सगळं त्या त्या माणसाचंच होतं. इथं दुसरंच कुणी राहत होतं. त्याला घाई नव्हती. ठोका तिचा होता आणि ते तिच्या ठोक्यावर झुलत होतं, आणि मला दिसत होतं की धाप कुठून येत होती. दुपारी आतल्या खोलीतून जो आवाज यायचा तो हा होता. मी ज्याला पाणी नेऊन देत होतो ते हे.

"उतरलेत," मी म्हणालो. "कप्प्यात आहेत, झडपेत आहेत. वर मोठ्या शिरेतही तोंड काढलंय. खात्रीनं सांगतो."

"मग आत्ताच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पैलवान, मान साफ कर. काका, तुम्ही थांबायचं. मला आत चिमटा कुठं आहे ते दिसणार नाही, तुम्ही पडद्यावर बघून सांगायचं. जंत तुटता कामा नये. तुटला तर त्याच्या अंगातलं विष रक्तात सुटतं आणि तिथंच संपतं सगळं."

त्यांची तयारी होईपर्यंत मी बाहेर येऊन मुलीला फोन लावला. ती दुसऱ्या गावी असते, नोकरी करते. कुत्री आणली तेव्हा ती कॉलेजात होती. तिला सगळं सांगितलं. ती मध्ये मध्ये "बापरे" म्हणत होती. मग तिनं विचारलं, "पण इको कुणी केला?"

"मी."

मग मीच पुढे म्हणालो, "आता काढतानाही पडद्यावर बघून सांगायला कुणीतरी लागतं. तेव्हाही मीच."

"दुसरं कुणी नाही का तिथं?"

"त्यांचे डॉक्टर गुरुवारी येतात."

"बाबा," ती म्हणाली, "या वेळेला तरी दुसऱ्या कुणाला बघू द्या ना."

रस्त्यावर एक माणूस दुकानाची काच पुसत होता. वरपासून खालपर्यंत एक पट्टा, मग शेजारी दुसरा. मी त्याचे चार पट्टे मोजले. बायको गेली तेव्हा भेटायला येणारं प्रत्येक माणूस विचारायचं, काहीच कसं कळलं नाही? मुलीची मावशी विचारायची, माझी बहीण विचारायची, शेजारच्या वहिनी विचारायच्या. मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणायची, "आईनं कुणाला काही सांगितलंच नाही, तिचा स्वभावच तसा." माझ्या शेजारी बसून, दर वेळी त्याच शब्दांत. मला वाटायचं, बरं झालं हिला माहीत नाही. आई मुलीला रोज फोन करायची. त्या संध्याकाळीही केला असेल. बाबांनी बघितलंय, घोड्यासारखं आहे म्हणाले. एवढी साधी गोष्ट मला एकोणीस महिन्यांत सुचली नव्हती.

"गुरुवारपर्यंत ती राहणार नाही," मी म्हणालो.

"ठीक आहे," मुलगी म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "ठीक आहे. नीट बघा," आणि फोन ठेवला.

आत बाईसाहेबांना आता डाव्या कुशीवर वळवलं होतं. तिला पूर्ण भूल दिली नव्हती, तेवढी झेपली नसती. गुंगी दिली होती आणि मान बधिर केली होती. डोळे अर्धवट उघडे होते. मी प्रोब वरून लावला. डॉक्टरीणबाईंनी शीर उघडली आणि लांब चिमटा आत सरकवला. पडद्यावर वरच्या कडेनं एक जाड पांढरी रेघ आली. "दिसला," मी म्हणालो. "अजून दोन बोटं. थोडं तुमच्या बाजूला. थांबा. ठोका जाऊ दे. आता." त्यांनी चिमटा मिटला आणि सावकाश मागे घेतला. पैलवाननं स्टीलचा ट्रे पुढे केला. चार निघाले, एकमेकांत गुंतलेले, ओले, पांढरे. ट्रेमध्ये पडल्यावर ते सरळ झाले आणि पुन्हा वळायला लागले. पैलवान म्हणाला, "यांना कुणी सांगितलं नाही वाटतं अजून." पुन्हा चिमटा, पुन्हा "आता". तीन. मग पाच. मग दोन. प्रत्येक वेळी पडद्यावरची गर्दी विरळ होत होती आणि झडप थोडी जास्त मिटत होती. आणि मला ऐकू येत होतं की तिचा श्वास लांब व्हायला लागलाय. दोन आखूड, एक थांबणं, यातलं थांबणं कमी होत होतं. माझं लक्ष पडद्यावर हवं होतं, पण कान तिकडे होते. खोलीतून कुणी उठून जायची तयारी करतंय आणि आपण पाठमोरे बसलोय, तसं मला वाटलं. एकविसावा निघाला. बाविसावा. तेविसावा एकटाच आला.

"अजून आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

कप्पा काळा दिसत होता. स्वच्छ, जसा असायला हवा तसा. मी म्हणालो, "आहे. झडपेच्या मागे." त्यांनी चिमटा घातला. रिकामा आला. "अजून आहे," मी म्हणालो, "कडेला." रिकामा आला. मला खरंच दिसत होतं. काळ्यात एक जोडरेघ क्षणभर चमकायची आणि जायची. मी प्रोब वळवला की नाही, सरळ केला की आहे. तिसऱ्यांदा रिकामा. चौथ्यांदा. पैलवान म्हणाला, "ठोके कमी होतायत, बाई." ऐंशी. बहात्तर. मी म्हणालो, "एक आहे, थांबा, एक नक्की आहे, सोडू नका." माझा आवाज मला ओळखू आला नाही. एक राहिला आणि मी नाही म्हणालो, तर पुन्हा तेच. आणि एक राहिला तर, हेही मला त्याच वेळी कळत होतं, तर दुपारी थोडासा का होईना आवाज येईल. कुठल्या कारणासाठी मी बघतोय हे मला सांगता येईना. चौसष्ट.

डॉक्टरीणबाईंनी चिमटा शिरेच्या तोंडाशी धरून ठेवला आणि पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "काका, दिसतंय की वाटतंय?"

मी पडद्यावरची नजर काढली. बाईसाहेबांची जीभ बाहेर आली होती आणि टोकाला निळसर झाली होती. पुढचा पाय पैलवानच्या हातात होता, पंजा उघडा. नखं वाढली होती. तीही बायकोच कापायची.

"वाटतंय," मी म्हणालो.

त्यांनी चिमटा काढून घेतला आणि शीर बांधायला सुरुवात केली. मी प्रोब धरूनच बसलो होतो. पैलवाननं तो माझ्या बोटांतून सोडवून घेतला, जेल पुसलं आणि जागेवर लावला.

चार दिवसांनी तिला घरी सोडलं. चालवायचं नाही, जिने तर नाहीच, असं सांगितलं होतं. पैलवान सोबत आला, आम्ही दोघांनी तिला चादरीत घालून तीन मजले वर नेलं. वर आल्यावर तो दाराशीच टेकला आणि म्हणाला, "काका, लिफ्ट बसवा नाहीतर मांजर पाळा," आणि पाणी पिऊन गेला. बाईसाहेबांनी पलंगाकडे बघितलं. मी तिला भिंतीकडच्या बाजूला ठेवलं. तिनं एकदा अंग झाडायचा प्रयत्न केला आणि झोपली. मी बाहेरच्या खोलीत जाऊन पेपर उघडला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. घड्याळाचा आवाज येत होता, तो मला बरेच दिवस ऐकू आला नव्हता. खालच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवलं. तिसऱ्या पानावर मी उठलो आणि आत जाऊन पलंगाच्या कडेला बसलो.

मुलीचा फोन आला. "पोहोचलात? कशी आहे?"

"झोपलीय."

"सगळे निघाले ना?"

"तेवीस निघाले. मला दिसले तेवढे सगळे. गुरुवारी त्यांच्या डॉक्टरांनीही बघितलं."

"ते काय म्हणाले?"

"तेच."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मी म्हणालो, "तुझ्या आईचा मी बघितला तेव्हा अर्धाच बघितला होता." हे वाक्य मी पूर्वी कधी जुळवून ठेवलं नव्हतं, ते तसंच आलं. फोनमध्ये कुठंतरी दार लागल्याचा आवाज झाला. ती दुसऱ्या खोलीत गेली असावी. मग मला वाटलं फोन कट झाला.

"बाबा," ती म्हणाली, "तिच्याजवळ धरा ना फोन. मला तिचा श्वास ऐकायचाय."

मी फोन बाईसाहेबांच्या नाकाशी नेला आणि धरून ठेवला. हात दुखायला लागेपर्यंत धरला. मग कानाला लावला.

"काहीच ऐकू येत नाहीये," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "बाबा, ती आहे ना?"

मी दुसरा हात तिच्या बरगड्यांवर ठेवला, केस काढलेल्या जागेवर. थोडा वेळ काहीच लागलं नाही. मग बरगड्या वर आल्या, सावकाश, आणि खाली गेल्या.

"आहे," मी म्हणालो. "आता ऐकू येत नाही."